अर्ध्या टनाची मोटार आणि रोजचा प्रवास

मनुष्य वाहन घेतो तें दोन हेतूंनीं. एक हेतु असा, कीं इच्छित स्थळीं वेळेवर व सुखरूप पोहोंचावें. दुसरा असा, कीं वाटेंत जाणारा वेळ आनंदांत जावा. बहुतेक मोटारी पहिल्या हेतूसाठीं बांधलेल्या असतात व दुसऱ्याचा विचार त्यांत ओघानें येतो. परंतु इंग्लंडांत एक मोटार अशी आहे, कीं तिच्या कर्त्यानें दुसऱ्या हेतूसाठीं पहिल्यांतील बहुतेक सुखसोयी काढून टाकल्या. तिला नेहमींसारखीं दारें नाहींत, कायमचें छत नाहीं, मागें बसावयास जागा नाहीं. दोन माणसें, चार चाकें, एक एंजिन आणि समोर एक कांच, एवढाच तिचा संसार. ही मोटार लोटस सेव्हन या नांवानें जन्मास आली आणि केटरहॅम सेव्हन या नांवानें आजहि विकली जाते. घेणारा ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपानें घरीं आणून स्वतः जोडूं शकतो.

सुटीच्या दिवशीं हौसेनें हिंडण्यास ही गाडी उत्तम, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो निराळा. सोमवारपासून शनिवारपर्यंत कचेरीस जाण्यास, बाजारहाट करण्यास, पावसांत आणि थंडींत, असें नित्याचें वाहन म्हणून ती चालेल काय? इंग्लंडांत तसा प्रयोग करणारे लोक आहेत. त्यांचें वेड खरें किती आणि शहाणपण किती, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बांधकामशास्त्र शिकलेला इंजिनियर. १९४८ सालीं त्यानें एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवरून आपली पहिली गाडी तयार केली. १९५२ सालीं उत्तर लंडनमधील हॉर्न्सी येथें लोटस इंजिनियरिंग ही संस्था काढली, आणि १९५७ सालीं सेव्हन बाजारांत आणली. पूल बांधणाऱ्या इंजिनियरास एक गोष्ट पक्की ठाऊक असते; ती ही, कीं बळ केवळ धातूच्या जाडींत नसतें, तें मांडणींत असतें. बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडल्या म्हणजे थोड्या वजनांत कणखर सांगाडा उभा राहतो. या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसविला, फोर्ड कंपनीचें ११७२ घनसेंटिमीटरचें साधें एंजिन घातलें, आणि मोटार तयार झाली.

सुटे भाग विकण्याचें कारण मात्र शास्त्रीय नव्हतें, तें सरकारी होतें. त्या काळीं ब्रिटनमध्यें तयार मोटार घेणारास भारी खरेदी-कर भरावा लागे. सुटे भाग घेऊन घरीं जोडणारास तो लागत नसे. भागांबरोबर जोडणीच्या सूचना द्यावयाच्या नाहींत, अशी त्यांत मेख होती. तेव्हां लोटसनें गाडी उलगडण्याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकानें त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचाव्या, अशी गोष्ट मोठ्या चवीनें सांगितली जाते. १९७३ च्या एप्रिलांत खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला व ही सवलत संपली. त्याच वर्षीं लोटसनें या गाडीचे हक्क सरे परगण्यांतील केटरहॅम गांवच्या विक्रेत्यास, ग्रॅहॅम निअर्न यास, दिले. पुढें २०११ सालीं ही कंपनी मलेशियाचे टोनी फर्नांडिस यांच्याकडे गेली. त्यांचे वडील मूळचे गोमंतकीय. २०२१ सालीं ती एका जपानी कंपनीनें घेतली. मालक बदलले, पण गाडीचा घाट बदलला नाहीं.

तो बदलण्याचा एक प्रयत्न मात्र झाला होता, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें तो फार बोधप्रद आहे. १९७० सालीं लोटसनें सेव्हनची चौथी आवृत्ति काढली. तिचें अंग कांचतंतूंचें होतें, आंत जागा अधिक होती, पाऊस-वारा अडविण्याची व्यवस्था बरी होती. रोजच्या वापरास योग्य अशी सेव्हन द्यावी, हाच तिचा उद्देश. परंतु जुन्या चाहत्यांना ती रुचली नाहीं. निअर्न यांनींहि तशा थोड्याच गाड्या केल्या आणि १९७४ सालीं पुन्हां तिसऱ्या आवृत्तीकडे ते वळले. म्हणजे सोय आणि ही गाडी यांचें वांकडें आहे असें नव्हे. पण सोय वाढवीत गेल्यास गाडी इतर गाड्यांसारखी होते, आणि मग ती घ्यावयाची कशासाठीं, असा प्रश्न उरतो.

आतां तिच्या गुणांकडे पाहूं गेल्यास सर्वांचें मूळ वजनांत सांपडतें. २०२१ सालीं निघालेल्या १७० क्रमांकाच्या सेव्हनचें उदाहरण घ्यावें. तींत सुझुकीचें ६६० घनसेंटिमीटरचें, तीन नळकांड्यांचें एंजिन आहे. त्याची शक्ति ८४ अश्वशक्ति, आणि गाडीचें वजन सुमारें ४४० किलो. म्हणजे एका घोड्याच्या वांट्यास सव्वापांच किलोंचें ओझें आलें. साधारण कौटुंबिक मोटार १३०० किलोंची व १३० अश्वशक्तीची धरली, तर तिच्या घोड्याच्या वांट्यास दहा किलो येतात. ६६० घनसेंटिमीटरचें हें इवलेंसें एंजिन मोठ्या मोटारींना मागें कां टाकतें, याचें उत्तर या भागाकारांत आहे. हलकी गाडी थांबवितांना ब्रेकांना थोडी ऊर्जा जिरवावी लागते, वळणावर टायरांना थोडा भार पेलावा लागतो. त्यामुळें दोहोंची झीजहि कमी होते. वजनाचा हा नियम बसणारासहि लागू आहे. सत्तर किलोंचा सोबती शेजारीं बसला तर मोठ्या मोटारीच्या वजनांत शेंकडा पांचांची भर पडते. या गाडींत ती शेंकडा सोळांची होते, आणि चालविणारास ती स्पष्ट जाणवते.

तथापि हलकेपणा म्हणजे सर्वत्र काटकसर, असें मानूं नये. हवेंतून जातांना वजनापेक्षां आकाराचें महत्त्व अधिक, आणि सेव्हनचा आकार त्या बाबतींत मोठा अडाणी आहे. उघडीं चाकें, उभी कांच, मोकळी बैठक, या सर्वांवर वारा आदळतो. म्हणून गांवांतून व आडरस्त्यानें पेट्रोल थोडें लागतें, पण लांबच्या मोठ्या मार्गावर वेग वाढवितांच ती बचत वाऱ्यावर जाते.

रोजच्या वापराची खरी परीक्षा सकाळीं घराबाहेर पडतांनाच सुरू होते. छत चढविलेलें असेल तर आंत शिरणें ही एक कसरतच. कापडी बाजू सोडावयाची, एक पाय आंत घालावयाचा, पाठ वांकवावयाची आणि अंग खालीं सोडावयाचें. पायांशीं जागा इतकी अरुंद, कीं जाड तळव्याचा रुंद बूट घातला तर ब्रेकबरोबर शेजारची कळहि दाबली जाण्याची भीति. म्हणून पुष्कळजण पातळ बूट गाडींत वेगळे ठेवतात. उंच व धिप्पाड माणसांकरितां रुंद सांगाड्याची एक जात केटरहॅम विकते, ती याच कारणास्तव.

पावसाची गोष्ट तर विलक्षण आहे. छत काढून गाडी वेगांत चालली असतां पाऊस कांचेवरून उडून पुष्कळसा डोक्यावरून मागें जातो. पण तांबड्या दिव्यापाशीं थांबतांच तो मांडीवर उतरतो. छत चढविलें तर अंग बरेंच कोरडें राहतें, मात्र आंत वाफ धरते आणि तिरपें मागें पाहणें कठीण होतें. थंडीचें तितकें भय नाहीं. एंजिन पायांच्या अगदीं पुढें असल्यानें ऊब मिळते, आणि ऊब देणारें यंत्र बसवून घेतां येतें. लोकरी टोपी, हातमोजे व कानांत बोळे एवढी तयारी असली म्हणजे इंग्लंडचा हिवाळा सोसतां येतो. गाडीला मात्र तो सोसत नाहीं. तेथें बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. तें नळ्यांच्या सांध्यांत बसलें कीं गंज धरतो. रोज वापरणारानें हिवाळ्यांत वरचेवर खालून गाडी धुतली नाहीं, तर हौसेचें सोनें होण्याऐवजीं माती होते.

सामानासाठीं आसनांच्या मागें, पेट्रोलच्या टांकीवर, एक उथळ कप्पा असतो व त्यावर कापडी झांकण. आठवड्याचा भाजीपाला मऊ पिशव्यांतून त्यांत मावेल. टणक पेटी मावेलच असें नाहीं. कुलूप लावण्याजोगें कांहींच नसल्यानें किंमतीची वस्तु मागें ठेवून जाण्याची सोय नाहीं. जमीन आणि गाडीचा तळ यांत वीतभरहि अंतर नसतें. त्यामुळें रस्त्यावरील गतिरोधक, ज्यांची उंची ब्रिटनमध्यें १० सेंटिमीटरपर्यंत असूं शकते, ते हळू व जपून ओलांडावे लागतात. नाहीं तर एंजिनाच्या तळाचें तेलपात्र त्यांवर आपटतें, आणि तें फुटलें तर प्रवास तेथेंच संपतो.

या सर्व अडचणी सोसण्याच्या सदरांत मोडतात. पण एक बाब अशी आहे, कीं ती सोसण्याची नसून विचार करण्याची आहे. ती म्हणजे अपघात. गणित साधें आहे. ५०० किलोंची गाडी आणि १५०० किलोंची मोटार, दोन्ही ताशीं ५० किलोमीटर वेगानें समोरासमोर आदळून एकमेकींस चिकटल्या असें समजा. टकरीनंतर दोन्ही मिळून जड मोटारीच्या दिशेनें ताशीं २५ किलोमीटर वेगानें सरकतील. जड मोटारीचा वेग २५ नें बदलला. हलक्या गाडीचा मात्र ५० वरून शून्यावर येऊन उलट दिशेस २५, म्हणजे एकूण ७५ नें बदलला. धक्का तिपटीचा. त्यांत या गाडींत हवेच्या उशा नसतात, आणि तिची उंची मीटरभराहून फारशी अधिक नसल्यानें उंच मालमोटारीच्या चालकास ती शेजारीं असूनहि दिसत नाहीं. म्हणून अनुभवी माणसें मालमोटारीच्या बाजूस रेंगाळत नाहींत, भडक रंग पसंत करतात, आणि समोरच्यानें आपणांस पाहिलेंच नाहीं असें गृहीत धरून चालवितात. ही सावधगिरी उपयोगी आहे. पण सावधगिरीनें गणित बदलत नाहीं. शेजारच्या आसनावर पत्नी किंवा मूल बसलें असतां हौस एकाची आणि जोखीम दोघांची होते, हें चालविणारानें विसरूं नये.

या जोखमीच्या पलीकडल्या पारड्यांत काय पडतें? एक तर आपल्या हातांनीं वस्तु घडविण्याचें समाधान. प्रत्येक नट कोणी आवळला, हें मालकास ठाऊक असतें. समोरचें सर्व झांकण उचलून बाजूस ठेवतां येतें आणि एंजिन उघड्यावर येतें. किरकोळ दुरुस्तीस कारखान्याचें तोंड पाहावें लागत नाहीं. १९९६ सालीं रॉन चॅम्पियन यांनीं अवघ्या २५० पौंडांत अशी गाडी घरीं कशी बांधावी याचें पुस्तक लिहिलें, आणि त्यावरून अनेकांनीं आपल्या अंगणांत गाड्या उभ्या केल्या. मात्र घरीं बांधली म्हणून ती लगेच रस्त्यावर आणतां येत नाहीं. ब्रिटनमध्यें २००९ पासून अशा प्रत्येक गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते. दिवे, ब्रेक, धूर, आवाज, आसनपट्ट्यांचे टेके, इतकेंच काय पण बाहेर आलेल्या अणकुचीदार कडादेखील पाहिल्या जातात. घरच्या कारागिरीस परक्याच्या डोळ्यांनीं तपासून घेणें, हा नियम जाचक नसून हितकर आहे. स्वतःची चूक स्वतःस दिसत नाहीं, हा अनुभव शाळेंतील मुलापासून इंजिनियरापर्यंत सर्वांचा आहे.

दुसरें समाधान अधिक सूक्ष्म आहे. साधारण मोटारींत ताशीं ४० किलोमीटर म्हणजे कंटाळा. या गाडींत जमीन हाताच्या अंतरावर असल्यानें तोच वेग भरधांव वाटतो. कायद्याच्या मर्यादेंत राहून आनंद मिळावा, हें कांहीं थोडें नव्हे. कचेरीची रोजची वाट, जी इतरांस केवळ उरकावयाची असते, ती या माणसास पाहावयास मिळते. ओल्या मातीचा वास, झाडाखालील गारवा, रस्त्याचा खडबडीतपणा, सर्व त्यास कळतें.

तेव्हां निर्णय असा, कीं ही गाडी रोज वापरतां येते. पण ती एकटीनें सारा संसार ओढूं शकत नाहीं. ज्याची वाट आडरस्त्यांची व बेताच्या अंतराची आहे, ज्यास गाडी ठेवावयास कुलपाची कोरडी जागा आहे, आणि घरांत दुसरी मोटार किंवा जवळ आगगाडीची सोय आहे, त्यानें हा प्रयोग अवश्य करावा. ज्यास मुलें शाळेंत पोहोंचवावयाचीं आहेत, वृद्धांस दवाखान्यांत न्यावयाचें आहे किंवा रोज मालमोटारींच्या रांगांतून मोठ्या मार्गानें जावयाचें आहे, त्यानें ती रविवारापुरतीच ठेवावी. चॅपमननें गाडींतील अनावश्यक तेवढें काढून टाकलें. आपल्या घरच्या गरजांत आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हें मात्र ज्याचें त्यानेंच, गाडीचे भाग मागविण्यापूर्वीं, ठरविलें पाहिजे.