लेकरांच्या ताटात ज्वारी, शेतकऱ्याच्या पदरात भाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या सभेत नेहमी कापसाच्या भावावर बोलणं होतं. आज आम्ही लेकरांच्या ताटावर बोलणार आहोत. हा फक्त बायकांचा विषय आहे असं समजून कोणी तंबाखू मळायला बाहेर जाऊ नका. ताटाचं मूळ शेतात आहे आणि सरकारी खरेदीतही आहे.

2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि 36.1 टक्के मुलं कमी वजनाची निघाली. यातल्या पुष्कळांच्या घरी चूल दोन्ही वेळा पेटते. मग कमी काय पडतं?

सहा महिन्यांनंतर नुसत्या आईच्या दुधावर लेकराचं भागत नाही. पोट एवढंसं असतं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, दाट, वर तेलाची धार घातलेलं अन्न लागतं. पण वेचणीच्या दिवसांत आई उजाडता शेतात जाते आणि दिवस मावळता परत येते. तोवर लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि बशीत चहा. चहा तर अन्नातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही.

आपल्या ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि 4 मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात लोह 1 मिलिग्रॅमही नसतं. ज्वारीच्या प्रथिनांत एक उणेपणा आहे, तो तूर-मुगाचं वरण भरून काढतं. पऱ्हाटीत तुरीचं तास आणि शेजारी ज्वारीचा तुकडा ठेवणाऱ्या आपल्या आजीला प्रथिनं हा शब्द माहीत नव्हता, पण तिचं शेत आणि ताट एकमेकांना धरून होतं. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, त्यात भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ आणि शेंगदाण्याचा बारीक कूट मिसळून डब्यात ठेवा. गरम पाण्यात शिजवलं की म्हातारीलाही लेकराला भरवता येतं.

आता तुम्ही म्हणाल, ज्वारी पेरायची कोणी? बरोबर आहे. रानडुकरं लोळवतात, पाखरं खातात, पाऊस लांबला तर हायब्रीडचं कणीस काळं पडतं. 2024-25 साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,371 रुपये होता, पण घेणारा नसेल तर कागदावरच्या भावानं घर चालत नाही. म्हणून सोयाबीन पेरणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. ज्वारीला गिऱ्हाईक पाहिजे. आणि ज्वारीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गावातच आहे: अंगणवाडी, शाळा आणि रेशन दुकान.

कायदा आपल्या आड येत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यही आहे. 7 ऑक्टोबर 2004 ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, शक्यतो गावातली मंडळं, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत काम व्हावं. ओडिशानं 2017 पासून नाचणीसाठी मोहीम राबवली, हमीभावानं खरेदी केली आणि केंदुझर जिल्ह्यात अंगणवाडीच्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. नाचणीला जे जमलं ते ज्वारीला का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली: ज्वारी आणि तुरीची खरेदी तालुक्यातच, हमीभावानं, पीक घरात येताच सुरू व्हावी. दुसरी: तीच ज्वारी अंगणवाडीत आणि रेशनवर यावी, आणि आहार गावच्या बचत गटानं करावा, पैसे वेळेवर मिळावेत. तिसरी: मजुरीच्या जागी लेकरं सांभाळायला बाई नेमावी. रोजगार हमीच्या कायद्यात ही सोय लिहिलेली होती. ती वेचणीच्या हंगामात गावातही हवी.

सरकारनं ऐकेपर्यंत आपणही हातावर हात ठेवून बसायचं नाही. येत्या पेरणीत घरच्यापुरती ज्वारी, मुगाची चार तासं आणि बांधाला आंबाडी ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव मांडा. ठरावावर बायकांच्या सह्या आधी घ्या. लेकरू काय खातं हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.