ग्रंथपेटी आणि हातातला पडदा



बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यानंतर एक प्रश्न आपोआपच उभा राहिला. शाळेत अक्षरओळख झालेला मुलगा शाळा सुटल्यावर वाचणार काय? वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे चार-दोन वर्षांत विस्मृतीत जातात, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. त्या योजनेतील सर्वांत मनोहर भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरावयाची, ती पेटी खेड्यात पाठवावयाची, गावकऱ्यांनी ती ठराविक मुदतीत वाचून परत करावयाची आणि मग दुसरी पेटी यावयाची, असा तो क्रम होता. याच खात्याची एक शाखा दीपचित्रे आणि चलच्चित्रे घेऊन गावोगाव हिंडत असे. चित्र हे पुस्तकाचे वैरी आहे, असे त्या काळच्या ग्रंथपालांना वाटले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आज प्रत्येकाच्या हातात अशीच एक पेटी आहे. ती तळहातावर मावते. तिच्यात पुस्तके आहेत, संगीत आहे, चित्रपट आहेत, वर्तमानपत्रे आहेत आणि सगेसोयऱ्यांचे आवाजही आहेत. त्या लाकडी पेटीचा आणि या पडद्याचा फरक नेमका कशात आहे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. जुने ते सोने म्हणून नव्याला नाके मुरडणे सोपे आहे. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही.

प्रथम या साधनाने काय दिले, ते प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा मराठीची तिथे मोठी अडचण होती. एका संगणकावर एका टंकात लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की तिथे निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली व तिच्यात देवनागरीला स्थान मिळाले. तरी ती घरोघरच्या यंत्रांत रुजण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला फरक दाखविणारा मराठीचा खास अर्धा र पडद्यावर नीट उमटावा, एवढ्यासाठीसुद्धा जाणकारांना झगडावे लागले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. मोल्सवर्थचा शब्दकोश, मराठी विश्वकोशाचे खंड ही एके काळी केवळ संदर्भविभागात बसून पाहावयाची साधने आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात. २०१७ साली स्टोरीटेलसारखी बोलक्या पुस्तकांची सेवा भारतात आली, ती इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीही घेऊन आली. दृष्टी अधू झालेल्या वाचकाला कादंबरी पुन्हा भेटली, हे काही लहान सुख नव्हे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी माणसाला तर या साधनाचे मोल अधिक आहे. बडोदे असो, इंदूर असो, ग्वाल्हेर असो, तेथील रसिकाला नव्या मराठी नाटकासाठी पुण्या-मुंबईची मंडळी दौऱ्यावर येण्याची वाट पाहावी लागे. दिवाळी अंक टपालाने येत, ते हातोहात फिरत आणि पाने सुटेपर्यंत वाचले जात. आज मुंबईत झालेली मुलाखत त्याच संध्याकाळी ग्वाल्हेरच्या घरात ऐकता येते. २०१६ पासून ‘भाडिपा’सारख्या तरुण मंडळींनी यूट्यूबवर घरगुती मराठीतले विनोदी प्रसंग सादर करण्यास आरंभ केला आणि मराठी ही केवळ आजी-आजोबांची भाषा नसून चेष्टामस्करीचीही भाषा आहे, हे परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना प्रथमच प्रत्ययास आले.

तथापि, देणाऱ्याचा दुसरा हात काय घेतो, तेही पाहिले पाहिजे.

करमणुकीला पूर्वी वेळ होती. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे, तेव्हा अमीन सायानींच्या आवाजाभोवती सारे घर जमे. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रस्ते ओस पडत आणि ज्यांच्या घरी संच नसे, ते शेजाऱ्याच्या ओटीवर बसत. त्या करमणुकीतही दोष होते. निवड थोडी होती आणि ती दुसऱ्याने केलेली होती. परंतु तिला आरंभ होता आणि शेवट होता. कार्यक्रम संपला की संच बंद होई, माणसे उठत, आणि उठता उठता पाहिलेल्या गोष्टीवर बोलत. करमणूक ही घराची होती; एकेकट्याची नव्हती.

हा शेवटच नव्या साधनाने काढून टाकला. २००६ साली आझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने अशी रचना सुचविली, की वाचक पानाच्या तळाशी पोचण्यापूर्वीच पुढचा मजकूर आपोआप भरला जावा. पान उलटण्याचे श्रम वाचावेत, हा त्याचा हेतू होता. पुढे समाजमाध्यमांनी ती रचना सर्रास स्वीकारली आणि रास्किन यांनी स्वतःच तिच्याविषयी जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाचे प्रकरण संपते, तेथे वाचक क्षणभर थांबतो. दिवा मालवावा की पुढे वाचावे, याचा निर्णय तो स्वतः करतो. अखंड सरकणाऱ्या पडद्यावर हा निर्णयाचा क्षणच येत नाही. ‘पाच मिनिटे’ म्हणून मोबाईल उचललेला माणूस तासाने भानावर येतो, यात त्याच्या दुबळेपणाइतकाच त्या रचनेच्या कुशलतेचा वाटा आहे.

या कुशलतेमागे व्यवहार आहे. ही माध्यमे फुकट वाटतात, कारण त्यांचा खर्च जाहिरातदार भरतो. आणि जाहिरातदाराला हवे असते ते पाहणाऱ्याचे लक्ष. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच दाखवून दिले होते, की माहिती विपुल झाली की अवधान दुर्मीळ होते, कारण माहिती ज्यावर पोसली जाते ते खाद्य म्हणजे माणसाचे अवधान होय. यूट्यूबने २०१२ साली चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली, या मापाला महत्त्व देण्याचे ठरविले. तेव्हापासून पुढे काय दाखवावे, हे यंत्र याच मापाने ठरवू लागले. लाकडी पेटीत कोणती पुस्तके घालावीत हे ठरविणारा ग्रंथपालही निवडच करीत असे. पण ‘या वाचकाच्या हाती काय पडले म्हणजे त्याचे भले होईल’ असा विचार त्या निवडीमागे असे. यंत्राला वाचकाच्या भल्याशी कर्तव्य नाही आणि बुऱ्याशीही नाही. तो थांबला की निघून गेला, एवढेच ते पाहते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचे दर झपाट्याने खाली आले. महिनाभर पुरवून पुरवून वापरावयाचा साठा लोकांना दररोज मिळू लागला. त्याच वर्षी यूपीआय ही देवघेवीची पद्धत आली आणि भाजीवालीच्या पाटीशेजारी चौकोनी ठिपक्यांचे चिन्ह दिसू लागले. रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, बँकेचा व्यवहार या साऱ्या गोष्टी हळूहळू या एकाच उपकरणात आल्या. म्हणून ‘मोबाईल वापरू नका’ हा उपदेश आता पोकळ ठरतो. ज्या हातात बाजारची पिशवी, त्याच हातात तमाशाचा फड, अशी ही अवस्था आहे. एक घ्यावयास गेलेला माणूस दुसऱ्यात नकळत रमतो.

करमणुकीचे हे नुकसान वेळेपुरते असते, तर एक वेळ सोसता आले असते. परंतु २०१८ च्या १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी जे घडले, ते महाराष्ट्राला विसरता येणार नाही. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भटके त्या दिवशी बाजाराच्या गावी आले आणि जमावाने त्यांना ठार मारले. दारोदार भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. त्यांच्या पिढ्या गावोगावच्या ओळखीवर जगत आल्या होत्या. परक्याला पारखण्याची गावाची जुनी रीत होती: नाव विचारावे, गाव विचारावे, पाणी द्यावे. कोणीतरी कोठूनतरी पुढे ढकललेल्या निनावी मजकुरापुढे ती रीत टिकली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे बंधन घातले. बंधन आवश्यक होते. पण मुळात वाचलेल्या ओळीला ‘हे कोणी लिहिले, कोठे छापले, केव्हाचे आहे’ असे विचारण्याची सवय ही यंत्राने लावावयाची गोष्ट नव्हे. ती सवय ग्रंथालये लावीत आली आहेत. पुस्तकाच्या आरंभी लेखकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष पाहून मगच मजकुराकडे वळणारा वाचक अफवेला सहसा बळी पडत नाही.

आणखी एक हानी संथपणे चालू आहे आणि ती परप्रांतीच्या मराठी कुटुंबांना अधिक जाणवणारी आहे. एखाद्या घरात आजी आणि नातू एकाच पलंगावर बसलेले असतात. आजीच्या मोबाईलवर कीर्तन चालू असते, नातवाच्या कानांत वेगळेच काही. नातवाला मराठी समजते, तोडकीमोडकी बोलताही येते. दूरदेशी गेलेल्या आत्याला तो मराठीतच संदेश पाठवितो, पण रोमन लिपीत. आजीला तो वाचता येत नाही आणि आजीने देवनागरीत लिहिलेले त्याला वाचता येत नाही. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, भाषा एक आहे, उपकरणेही एकाच जातीची आहेत. तुटली आहे ती केवळ लिपी. ऐकण्याची मराठी या माध्यमांनी जगविली, हे खरे. परंतु वाचण्याची मराठी त्यांच्या हाती सोपविता येत नाही. ऐकणे थांबले तर भाषा एका पिढीत हरवते. वाचणे थांबले तर भाषा उरते, पण तिच्यामागची शेकडो वर्षांची ग्रंथसंपदा मुकी होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला. ज्या ग्रंथांच्या बळावर तो सन्मान मिळाला, ते वाचणारे डोळे घरात नसतील, तर तो सन्मान भिंतीवरच्या तसबिरीसारखा होईल.

मग शंभर वर्षांच्या ग्रंथालयाने काय करावे? पडद्याशी भांडून काही साधणार नाही. सयाजीरावांच्या ग्रंथपालांनी चलच्चित्रांना आपल्या सेवेत घेतले. तोच मार्ग आजही मोकळा आहे. ग्रंथालयाच्या कपाटांत स्थानिक मराठी संस्थांची वार्षिक वृत्ते, हस्तलिखिते, जुने नियतकालिकांचे अंक असतात. ते जगात दुसरीकडे कोठेही नसतात. ज्यांचे हक्क संपले आहेत, अशांच्या प्रतिमा संगणकावर उतरविल्या, तर वाळवीच्या तोंडातून ते वाचतील आणि दूरच्या अभ्यासकालाही मिळतील. हे काम यंत्र जाणणाऱ्या तरुणांकडून करून घ्यावे. पाने उलटता उलटता त्यांना अक्षर ओळखावेच लागेल आणि आपल्या पणजोबांचे नाव एखाद्या वर्गणीदारांच्या यादीत सापडले, तर ते त्या पानावर थांबतीलही.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. आठवड्यातून एक तास आजी-आजोबांनी आणि नातवंडांनी ग्रंथालयात एकत्र बसावे. नातवाने आजीला आलेला संदेश खरा की खोटा, हे पडताळण्याची रीत शिकवावी. आजीने नातवाला एक पान मोठ्याने वाचावयास लावावे. तो अडखळेल, जोडाक्षराशी हसेल; हसू द्यावे. त्या तासात मोबाईल दाराशी ठेवण्याची सक्तीही नको. आजीला पडताळणी शिकविण्यासाठी तो लागणारच आहे. एवढेच पाहावे, की तासाला आरंभ असावा आणि शेवट असावा, आणि शेवटी दोघांनी वाचलेल्यावर चार वाक्ये बोलावीत.

संस्थानाच्या त्या लाकडी पेटीला परतीची तारीख असे. गावाला ती मुदतीत परत करावी लागे आणि म्हणूनच ती वाचली जाई. हातातल्या पडद्याला अशी तारीख नाही. ती ज्याची त्याने घालून घ्यावयाची आहे. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारण्याचे काम या ग्रंथालयाने शंभर वर्षे केले. सभासदांनी आता तोच शिक्का स्वतःच्या वेळेवरही मारून घ्यावा आणि पुढच्या आठवड्यात येताना सोबत एक नातवंड घेऊन यावे, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने विनंती.