विनायकाचा विनोबा कसा झाला?



‘पुढारी’ हा शब्द आपल्या भाषेंत फार सोपा आहे. जो पुढें चालतो तो पुढारी. परंतु पुढें चालणाऱ्याच्या मागून लोक कां जातात, या प्रश्नाचें उत्तर तितकें सोपें नाहीं. अलीकडे शहरांतून नेतृत्व शिकविणारे वर्ग निघाले आहेत. बोलावें कसें, उभें राहावें कसें, दुसऱ्यावर छाप कशी पाडावी, हें तेथें शिकवितात. आणि सुशिक्षित आईबाप आपल्या मुलांस तेथें हौसेनें धाडतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. तथापि हें सारें शिक्षण मिळविण्याचें आहे. आणखी एक गुण, आणखी एक प्रशस्तिपत्र, आणखी एक पायरी. हातांतलें काय खालीं ठेवावें, हें तेथें सहसा कोणी सांगत नाहीं. आज मला जें सांगावयाचें आहे तें या खालीं ठेवण्याविषयीं आहे.

मी राहतों तें वडखळ गांव पेण तालुक्यांत, मुंबई-गोवा रस्त्यास जेथें अलिबागचा फांटा फुटतो, तेथें वसलेलें आहे. याच तालुक्यांत गागोदें नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं भावे यांच्या घरीं विनायकाचा जन्म झाला. आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ, आई रुक्मिणीबाई भाविक, वडील नरहरराव शास्त्रीय वळणाचे व शिस्तीचे. घरचा फणस पिकला म्हणजे त्याचे गरे आधीं शेजाऱ्यांकडे जावयाचे आणि मग घरच्या मुलांच्या हातांत पडावयाचे, अशी त्या माउलीची रीत होती. पुढें वडिलांच्या नोकरीमुळें कुटुंब बडोद्यास गेलें. मुलगा गणितांत हुशार निघाला, १९१३ सालीं मॅट्रिक झाला आणि कॉलेजांत गेला. येथपर्यंतची हकीगत त्या काळच्या कोणत्याहि होतकरू मुलाची असूं शकेल.

परंतु घर सोडण्यापूर्वीं त्यानें एक विलक्षण गोष्ट केली. आपलीं प्रशस्तिपत्रें त्यानें आईच्या चुलींत घातलीं. ठेवलीं असतीं तर काय बिघडलें असतें, असें आईनें विचारलेंहि. त्याचा विचार असा होता कीं, परतीची वाट मोकळी राहिली म्हणजे पाय केव्हां तरी तिकडे वळतातच. पुढें २५ मार्च १९१६ रोजीं इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस गाडींतून उतरला आणि काशीस गेला. महात्मा गांधींनीं त्याच फेब्रुवारींत तेथील हिंदु विश्वविद्यालयाच्या समारंभांत केलेल्या भाषणाची चर्चा गांवांत अजून चालू होती. तें भाषण वाचून विनायकानें गांधींस पत्र लिहिलें, आणि ७ जून १९१६ रोजीं अहमदाबादेच्या कोचरब आश्रमांत दोघांची भेट झाली. आश्रमांत विनायकास ‘विनोबा’ हें नांव मिळालें.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं आणि सारें आयुष्य मुलांच्या हातीं प्रशस्तिपत्रें देण्यांत घालविलें. तेव्हां तीं जाळावींत असा उपदेश माझ्या तोंडीं शोभणार नाहीं, आणि मी तो करीतहि नाहीं. त्या कागदांत पाप नव्हतें. मला महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, जें त्यानें सोडलें तें त्याचें स्वतःचें होतें, कष्टानें मिळविलेलें होतें आणि उपयोगाचें होतें. नको असलेली वस्तु टाकण्यास मोठेंसें धैर्य लागत नाहीं.

पुढल्याच वर्षीं विनोबांनीं संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासासाठीं आश्रमांतून एक वर्षाची रजा घेतली आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं उपनिषदें व ब्रह्मसूत्रें यांचें अध्ययन केलें. तेथेंहि केवळ पोथी धरून ते बसले नाहींत. विद्यार्थ्यांस गीता शिकविली, पायीं प्रवास केला, मुलांस जमवून दळण दळलें आणि त्या मजुरीच्या पैशांतून वाचनालयासाठीं पुस्तकें घेतलीं. वर्ष संपतांच ठरल्या दिवशीं ते आश्रमांत हजर झाले. दिलेला शब्द पाळणें ही गोष्ट लहान दिसते. परंतु ज्याचा शब्द लहान बाबतींत खरा ठरतो, त्याच्याच मोठ्या शब्दावर पुढें लोक विश्वास टाकतात.

१९२१ च्या एप्रिलांत गांधींनीं त्यांस वर्ध्याच्या आश्रमाचा भार घेण्यास पाठविलें. यानंतरच्या वीस वर्षांकडे श्रोत्यांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण पुढाऱ्यांच्या चरित्रांत अशीं वर्षें आपण घाईनें ओलांडून जातों. सूत कातणें, विणणें, संडास साफ करणें, मुलांस शिकविणें, हाच तेथला नित्यक्रम होता. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहांत तुरुंगवास घडला. पुढें ‘गीताई’ रचली. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत दर रविवारीं कैद्यांपुढें गीतेवर प्रवचनें केलीं आणि तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. मजुरास सूतकताईवर किती मिळतें हें कळावें म्हणून ते स्वतः त्या मजुरीवर राहून पाहूं लागले. हें सर्व होत असतां देशांतील बहुसंख्य लोकांस त्यांचें नांवहि ठाऊक नव्हतें. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान गांधींनीं विनोबांस दिला, तेव्हां हे विनोबा कोण, हें ‘हरिजन’ पत्रांत लिहून सांगण्याची पाळी त्यांच्यावर आली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू. त्यांची ओळख करून देण्याची गरज कोणास वाटली नाहीं.

पन्नाशीच्या घरांत आलेला मनुष्य सामान्यतः आपल्या जुन्या ज्ञानावर उरलेलें आयुष्य काढतो. विनोबांस १९४२ नंतर वेल्लोरच्या तुरुंगांत ठेवलें असतां त्यांनीं तमिळ, तेलुगु, कानडी व मल्याळम् या चारहि भाषांचा अभ्यास आरंभला. गीतेवर अधिकारवाणीनें बोलणारा पुरुष पुनः मुळाक्षरें गिरवूं लागला! सुटकेनंतर ते पवनाराहून सुरगांव नांवाच्या खेड्यांत रोज फावडें घेऊन जात आणि तेथील मैला साफ करीत. गांवकरी सुधारले कीं नाहीं याची वाट न पाहतां हें काम बराच काळ चाललें. १९५० सालीं त्यांनीं पवनारच्या आश्रमांत पैशावांचून जगण्याचा व बैलांविना हातांनीं शेती करण्याचा प्रयोग सुरू केला. पैशाची सत्ता मोडा असें लोकांस सांगावयाचें, तर ती आधीं स्वतःच्या स्वयंपाकघरांत मोडते कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे, असा त्यांतला भाव.

या सर्वांचा उपयोग काय झाला, तें १८ एप्रिल १९५१ या दिवशीं दिसून आलें. तेलंगणांत त्या वेळीं जमिनीवरून सशस्त्र लढा पेटला होता. हैद्राबादजवळ शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास विनोबा पवनाराहून पायीं गेले आणि नंतर त्या अशांत मुलखांतून फिरूं लागले. पोचमपल्ली गांवांत हरिजनांच्या चाळीस कुटुंबांनीं त्यांच्याकडे ऐंशीं एकर जमीन मागितली. विनोबांपाशीं एक एकरहि नव्हता. सरकारकडे अर्ज करूं, असें सांगून ते पुढें जाऊं शकले असते. त्यांनीं जमलेल्या गांवकऱ्यांसच विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी नांवाच्या जमीनदारानें उभें राहून शंभर एकर देऊं केले. भूदानाचा जन्म असा झाला. त्याची योजना कोणीं आंखलेली नव्हती. परंतु तो प्रश्न ज्यास विचारला गेला, त्याची तयारी पस्तीस वर्षें चाललेली होती. ज्याच्यापाशीं स्वतःचें कांहीं उरलें नाहीं, त्यानें ‘द्या’ म्हटलें तेव्हां त्याच्या मागण्यांत स्वार्थ शोधण्यास कोणास जागा नव्हती.

त्यानंतर १९६४ पर्यंत ते देशभर पायीं हिंडले आणि सुमारें ४२ लाख एकर जमिनीचीं दानपत्रें मिळालीं. १९५८ सालीं त्यांस लोकनेतृत्वासाठीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनारास देहावसान झाल्यावर पुढल्या वर्षीं ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला.

येथें थांबलों तर हें व्याख्यान केवळ स्तोत्र होईल. मिळालेल्या जमिनींपैकीं पुष्कळशा नापीक वा तंट्याच्या निघाल्या, आणि बऱ्याचशा भूमिहीनांपर्यंत पोंचल्याच नाहींत. १९७५ च्या आणीबाणींतील विनोबांच्या भूमिकेवरहि कठोर टीका झाली. यावरून दोन गोष्टी समजतात. एक अशी कीं, मनुष्य स्वतःस कितीहि घडवो, तो चुकूं शकत नाहीं असें नव्हे. दुसरी अशी कीं, पुढाऱ्याची तपश्चर्या अनुयायांस वारसाहक्कानें मिळत नाहीं. दानपत्रावर सही करतांना जें मन हेलावलें होतें, तें तलाठ्याच्या दप्तरापर्यंत टिकलेंच असें नाहीं.

आमच्याकडील दुसरें एक उदाहरण या ठिकाणीं आठवतें. वडखळाहून अलिबागच्या वाटेनें गेलें म्हणजे पोयनाडच्या बाजूस चरी गांव लागतें. खोतांच्या जुलमाविरुद्ध तेथील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. पोटास चिमटा घेऊन त्यांनीं खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाकारल्या. १९३७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें, आणि १९४९ सालीं खोती रद्द करणारा कायदा झाला. गागोदें मनुष्याचें अंतःकरण पालटण्याचा मार्ग दाखवितें, तर चरी संघटनेचा व कायद्याचा. समाजास या दोहोंचीहि गरज असते. परंतु चरीचा संप सहा वर्षें टिकला, कारण तेथेंहि लोकांनीं हातचें पीक आधीं सोडलें होतें.

आमच्या खारेपाटांत समुद्राचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून मातीचे बांध घालतात. बांध एकदां घातला म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. त्याची डागडुजी करीत राहावी लागते, आणि एका उधाणाच्या भरतीनें तो फुटला तर खारावलेली जमीन पुनः पिकावयास वर्षें लागतात. मनुष्याच्या घडणीचेंहि तसेंच आहे. तिशींत एकदां केलेल्या त्यागावर साठीपर्यंत पुढारीपण करतां येत नाहीं. विनोबांनीं तर एकविसाव्या वर्षीं प्रशस्तिपत्रें सोडलीं, पन्नाशींत पांडित्याचा मान बाजूस ठेवून फावडें घेतलें, आणि १९५१ सालीं प्रिय झालेला आश्रम सोडून रस्ता धरला.

आपण बहुतेक जण देशाचे पुढारी होणार नाहीं. परंतु कोणी कुटुंबांत वडील असतो, कोणी कचेरींत वरिष्ठ, कोणी सोसायटीचा चिटणीस. चार माणसें आपल्याकडे पाहून वागतात. मुलानें मोबाइल बाजूस ठेवावा असें ज्या बापास वाटतें, त्यानें जेवतांना तो आधीं स्वतः दुसऱ्या खोलींत ठेवून पाहावा. हाताखालच्यांनीं वेळेवर यावें असें वाटणाऱ्या साहेबानें आपल्या उशिराची सवलत सोडावी. वर्गांत मुलांस ‘कागद उचला’ म्हणून सांगण्यापेक्षां मास्तरानें वाकून एक कागद उचलला कीं चार मुलें आपोआप वाकतात, हा माझा शाळेंतील इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

तेव्हां आपल्या मुलांस पुढारी करूं इच्छिणाऱ्या आईबापांस माझी इतकीच विनंति आहे कीं, त्यांस काय काय मिळवून द्यावें याची यादी करतांना, आपण स्वतः या वर्षीं काय सोडणार याचाहि विचार घरांत एकदां बोलून व्हावा.