हळदीच्या दिवसांतला एकांत



मौन म्हणजे काय, हे शिरड शहापूरच्या माणसाला मी सांगायची गरज नाही. औंढा आणि वसमत यांच्या मधल्या या गावात मल्लिनाथ भगवंतांचं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. दिगंबर मुनिमहाराजांचा आहार ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल: दिवसातून एकदा, उभ्याने, हाताच्या ओंजळीत, आणि तोंडातून एक शब्द न काढता. वाढणाऱ्यांची धांदल चाललेली, घेणारा मात्र निःशब्द. पलीकडे औंढ्याला नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले असं परंपरा सांगते. मौन, एकांत, गुरू हे शब्द इथल्या मातीला परके नाहीत. परकं वाटेल ते ख्रिस्ती मौन.

कारण ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आवाज आठवतो. घंटा, पेटी-तबला, टाळ्या, नाताळची गाणी, लांबलेला उपदेश, आणि अलीकडे मैदानातल्या सभांचे भलेमोठे स्पीकर. यात खोटं काही नाही. आमच्या मंडळीत पाळकसाहेब म्हणाले, "आता एक मिनिट शांतपणे प्रार्थना करू या," की पंधराव्या सेकंदाला पेटीवाला सूर धरतोच. काहीतरी चुकलंय, कुणीतरी विसरलंय, असं त्याला वाटत असावं. मी आवाजाच्या विरुद्ध नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत, आणि त्या गलक्यातून पुष्कळांची आयुष्यं पालटली. त्याच रमाबाईंना स्वतःला ऐकू कमी येत असे, आणि अखेरची वर्षं त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात, म्हणजे कागदासमोर एकट्याने बसण्यात घालवली. दोन्ही गोष्टी एकाच आवारात चालू होत्या.

आमचा एक उपवासकाळ असतो. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस. येशू ख्रिस्ताने सेवेला आरंभ करण्याआधी चाळीस दिवस अरण्यात एकट्याने काढले, त्याची ही आठवण. हिंगोली जिल्ह्यात हे दिवस येतात ते नेमके हळदीच्या हंगामात. खणणी, मजुरांची शोधाशोध, वाफेवर शिजवायचे ड्रम, वाळवण, मग पॉलिश. पॉलिशच्या फिरत्या ड्रमापाशी उभं राहिलं की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. अंगाला, कपड्यांना, पोळीलासुद्धा हळदीचा वास. अशा माणसाला कुणी "एकांतात जा" म्हणालं, तर तो हसेल, आणि त्याचं हसणं रास्त आहे.

म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पाहावा. कफर्णहूम गावात सूर्य बुडाल्यावर सगळं गाव दारात लोटलं, आजारी माणसं घेऊन. येशू उशिरापर्यंत त्यांच्यातच होता. दुसऱ्या दिवशी अजून अंधार असताना तो उठला आणि गावाबाहेर एकान्तस्थळी जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबती शोधत आले: सगळे तुला शोधताहेत. यावर तो "मला जरा एकटं राहू द्या" म्हणाला नाही. तो म्हणाला, चला, आसपासच्या गावांत जाऊ. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा वध झाल्याची बातमी आली तेव्हाही तसंच. होडीत बसून तो निर्जन जागी निघाला, तर लोक काठाकाठाने पायी पुढे येऊन थांबलेले. तो वैतागला नाही. त्यांना बरं केलं, जेवू घातलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी पाठवून मग डोंगरावर एकटा गेला.

जुन्या करारातला एलीया राणीच्या भीतीने पळून होरेब डोंगरावरच्या गुहेत लपला होता. वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, आणि त्यानंतर एक अगदी हलका आवाज. आपल्याकडच्या प्रवचनांत गोष्ट इथेच थांबते. पुस्तकात ती पुढे जाते. एलीयाला विचारलं जातं, तू इथे काय करतो आहेस? आणि मग कामं सांगून परत धाडलं जातं: अमक्याला राजा म्हणून अभिषेक कर, तमक्याला तुझ्या जागी संदेष्टा नेम. ख्रिस्ती एकांतात मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिथून माणसाला परत पाठवतात. जो एकांत माणसांचा कायमचा कंटाळा शिकवतो, त्याच्याकडे मी जरा संशयाने पाहतो.

अर्थात, आधी तिथे टिकावं तर लागतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात शेकडो ख्रिस्ती साधक झोपड्या बांधून राहत. त्यांच्यातला एवाग्रियस, जो ३९९ मध्ये वारला, त्याने 'दुपारच्या सैताना'चं वर्णन लिहून ठेवलं आहे, ते वाचताना हसू आवरत नाही. साधकाला वाटतं सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झालाय. तो सारखा खिडकीकडे बघतो. बाहेर येऊन जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते उन्हावरून ताडतो. कुणी भेटायला येतंय का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मग त्याला ती जागाच नकोशी होते. लोकांत प्रेम उरलेलं नाही असं वाटू लागतं. आणि नुकतंच कुणी टाकून बोललं असेल तर तेही आठवतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन. आपण बसलो तर आधी बँकेचा हप्ता आठवेल, मग बांधावरून भावाशी झालेली बोलाचाली, आणि मग हात आपोआप मोबाईलकडे जाईल. शांत बसल्यावर आधी शांती येते असं ज्यांना वाटतं, ते बसलेले नसतात.

महाराष्ट्रात या साधनेचा धागा शोधू गेलं तर तो नारायण वामन टिळकांपासून धरावा लागतो. तुकोबांच्या अभंगांमुळे आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगणारे टिळक. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत, न घेतलेलेही चालत. दोन वर्षांत टिळक गेले. पण अहमदनगरला काम करणारा जॅक विन्स्लो हा इंग्रज पाद्री त्यांच्यामुळे भारावलेला होता. त्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे पुण्यात शिवाजीनगरला आश्रम उभा केला. खादी, शाकाहार, जमिनीवर मांडी घालून उपासना. संघात १९२७ मध्ये एक तरुण येऊन दाखल झाला, व्हेरियर एल्विन. आदिवासींचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. या एल्विनने १९३० मध्ये 'ख्रिश्चन ध्यान' नावाचं पुस्तक छापलं. चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रज साधकाने निःशब्द प्रार्थनेवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा तो अभ्यास. आणि त्याच सुमारास हा माणूस सत्याग्रहाच्या बाजूने जाहीरपणे बोलत होता. १९३२ मध्ये तो गोंडांच्या मुलखात राहायला गेला. पुढे चर्चपासूनही दूर झाला. मौनातून परत पाठवलेला माणूस आपल्याला सोयीच्या ठिकाणीच जाईल असं नाही.

पुण्यातल्या आश्रमाला मधल्या काळात उतरती कळा लागली. १९७२ मध्ये अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनींनी एकत्र येऊन तो पुन्हा चालता केला. तिथल्या भगिनींत शंकराचार्यांवर प्रबंध लिहिलेल्या सारा ग्रँट होत्या. त्याच दशकात, त्याच पुण्यात, जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी 'साधना' ही संस्था सुरू केली, ती १९७८ मध्ये लोणावळ्याला नेली. डिमेलो मूळचे मुंबईचे. त्यांच्या 'साधना' पुस्तकातला पहिलाच अभ्यास मौनाचा आहे: दहा मिनिटं गप्प बसा, आणि काय होतं ते पाहा. मन भरकटलं तर भरकटलं हे कळणं, हीच कमाई. नंतर काय झालं ते इतरांना सांगा. दहा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. मी इथे रेडिओच्या स्टुडिओत दहा सेकंद थांबलो तर ड्यूटीवरचे अधिकारी काचेपलीकडून हातवारे करू लागतील.

डिमेलो १९८७ मध्ये वारले. १९९८ मध्ये व्हॅटिकनने सूचनापत्र काढून त्यांच्या, विशेषतः नंतरच्या, लेखनातल्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असं जाहीर केलं. मेलेल्या माणसाशी वाद घालणं मला आवडत नाही. पण त्यामागचा प्रश्न टाकाऊ नाही: गप्प बसायचं ते कुणासमोर? ख्रिस्ती माणूस 'माझ्या मनासमोर' एवढंच उत्तर देऊन थांबू शकत नाही.

आता हळदवाल्याकडे येऊ. डिमेलोंनी ज्यांच्या परंपरेत जन्म काढला ते इग्नेशियस लोयोला, सोळाव्या शतकातले. त्यांची 'आध्यात्मिक साधना' तीस दिवसांची. रोज चार-पाच तास प्रार्थना, आणि बोलायचं फक्त मार्गदर्शकाशी. मार्गदर्शकाने साधकाला इकडे किंवा तिकडे ढकलायचं नाही, तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहायचं, असं ते बजावतात. पण त्याच पुस्तकाच्या आरंभी एकोणिसावी सूचना आहे. जो कामाधंद्यात गुंतलेला आहे, ज्याला महिनाभर निघता येत नाही, त्याने घरी राहून रोज दीड तास काढावा आणि तीच साधना सावकाश करावी. दीड तास जमत नसेल तर डिमेलोंची दहा मिनिटं आहेतच. मजूर यायच्या आधी, ड्रम सुरू व्हायच्या आधी, शेतातल्या आखाड्यावर. मोबाईल घरी. शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचायचा आणि त्या प्रसंगातल्या माणसांजवळ जाऊन उभं राहायचं.

इग्नेशियसची आणखी एक सूचना मला फार व्यवहारी वाटते. कंटाळा आला, कोरडं वाटलं, तर ठरवलेल्या वेळेआधी उठायचं नाही; उलट ठरवल्यापेक्षा थोडं जास्त बसायचं.

राहिला मार्गदर्शक. लहान गावात पाळकसाहेब रोज भेटतील असं नाही. पण मंडळीत एखाद्या मावशी असतातच, ज्यांनी पुष्कळ सोसलेलं असतं आणि ज्या चटकन काही बोलत नाहीत. आठवड्यातून एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं, काय घडलं ते सांगावं. त्या चहा टाकतील, आणि बहुधा सल्ला देणार नाहीत.