पोवाडा कुणाच्या मालकीचा?

जामखेड तालुक्यातलं खर्डा म्हटलं की ११ मार्च १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते. आज मी लढाईची नव्हे, तिच्यावर झालेल्या पोवाड्यांची गोष्ट सांगणार आहे. पोवाडा रचला शाहिराने; पण तो मालकीचा कुणाच्या?

असाच एक प्रश्न त्या शतकात विलायतेत कोर्टात गेला होता. १७१० च्या कायद्याने नवे पुस्तक छापण्याचा हक्क लेखकाला, किंवा त्याच्याकडून तो विकत घेणाऱ्याला, १४ वर्षे मिळे. लेखक हयात असला तर आणखी १४. लंडनचे बडे पुस्तकवाले म्हणत, "आम्ही पैसे मोजलेत, हक्क कायमचा आमचा." एडिंबरोच्या डोनाल्डसनने मुदत सरलेली पुस्तके स्वस्तात छापून विकायला काढली. भांडण लागले ते थॉमसन कवीच्या काव्यावरून. आणि गंमत अशी, की कवी १७४८ मध्येच वारला होता! १७७४ मध्ये उमरावांच्या सभेने निकाल दिला : मुदत संपली, की पुस्तक सर्वांचे.

आपल्याकडे पोवाडा छापलाच जात नसे. तो बाडात उतरायचा, नाहीतर डफावर गावोगाव फिरायचा. गाणाऱ्याला कुणी अडवीत नसे. शाहिराची मिळकत म्हणजे बिदागी, फार तर शेला-पागोटे. मालकीची खूण एकच : शेवटच्या चौकातली नाममुद्रा. संगमनेरचा अनंत फंदी असो की दुसरा कुणी, गाणे सर्वांचे, पण नाव माझे! दुसऱ्याने तिथे आपले नाव घातले, तर मात्र दाद मागायला कोर्ट नव्हते.

पुढे १८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे जमवून छापले. फार मोठे काम! पुस्तकावर नावे त्या दोघांची. नाममुद्रेमुळे शाहिरांचीही राहिली. पण ज्या गोंधळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही गाणी कंठात जपली, त्यांचे काय? गाणाऱ्याचा हक्क आपल्या कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावी कुणी म्हातारा जुना पोवाडा म्हणत असेल, तर तो जरूर उतरवून घ्या. नाममुद्रेला हात लावू नका; आणि खाली आणखी एक ओळ लिहा : हा कुणाच्या तोंडून ऐकला, कुठल्या गावी, कोणत्या दिवशी. तेवढे देणे आपण लागतो.