टँकर फुटू नये म्हणून



२१ जून १९७०. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्रेसेंट सिटी या छोट्या गावात मालगाडी रुळांवरून घसरली. द्रवरूप प्रोपेन वायू भरलेल्या टाकी-वॅगन पेटल्या, फुटल्या आणि गावाचा मध्यभाग जळाला. त्याच वर्षी रेल्वे कंपन्या आणि वॅगन बनवणारे उद्योग यांनी मिळून अशा टाक्यांच्या सुरक्षेवर संशोधन हाती घेतलं. पुढे सरकारी रेल्वे यंत्रणेबरोबर चाचण्याही झाल्या.

त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. घसरताना एका वॅगनचं कपलिंग, म्हणजे वॅगन जोडणारा आकडा, उसळतं आणि शेजारच्या टाकीच्या टोकात घुसतं. म्हणून वर-खाली न निसटणारी कपलिंग आली, टाकीच्या टोकांना पोलादी ढाल बसली. दुसरी गोष्ट आगीची. टाकीत जिथे द्रव असतो, तिथे तो उष्णता शोषून घेतो. वरच्या भागात मात्र नुसता वायू असतो. तिथलं पोलाद तापून मऊ पडतं आणि आतल्या दाबाने टाकी फुटते. त्यावर उपाय म्हणजे उष्णतारोधक आवरण. आगीने वेढलेली टाकी किमान १०० मिनिटं टिकावी, असा निकष ठरला.

असा ज्वलनशील माल आपल्या रस्त्यांवरच्या टँकरमधूनही जातो आणि आत काय आहे ते सांगणारा चार अंकी क्रमांक टँकरवर असतो. १०७५ म्हणजे एलपीजी. अपघात दिसला तर जवळ जाऊ नका, वाऱ्याच्या उलट दिशेला सरका, ठिणगी टाळा. सुरक्षित अंतरावर पोचल्यावर ११२ ला फोन करा आणि तो क्रमांक दिसला असेल तर जरूर सांगा.