चौदा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आणि आईचा फोन

मी भिलाईहून बोलते आहे. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून इथे आले, कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली त्या काळात. वडील याच कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर होते. ते गेल्यावर आईला ईपीएस-९५ची किमान पेन्शन मिळते, महिना १,००० रुपये. वर्षाचे १२,००० झाले. आज बऱ्यापैकी फोनची किंमतही साधारण तेवढीच. म्हणजे आईचा फोन बदलायचा तर तिची वर्षाची पेन्शन गेली. आज मी याच हिशेबाबद्दल बोलणार आहे.

झालं असं की ऑक्टोबरात आईचा फोन अडखळायला लागला. बॅटरी दुपारपर्यंत टिकेना आणि हयातीच्या दाखल्याचं ॲप त्यावर चालेना. दाखला वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. म्हणून आम्ही दोघी सुपेल्याच्या बाजारात गेलो.

आईचा नंबर चौदा वर्षं एकाच कंपनीचा. मला वाटलं, जुन्या गिऱ्हाइकाला काहीतरी सवलत असेल. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दीदी, ऑफर नए सिम पर है, पुराने पर नहीं." चौदा वर्षं न चुकता रिचार्ज केल्याचा एवढाच मान!

अमेरिकेत मोबाइल कंपनीच फोन देते आणि दोन-तीन वर्षं बिलातून पैसे वळते करते. मध्येच कंपनी सोडली तर उरलेली रक्कम भरावी लागते. आपल्याकडे बहुतेकांचं प्रीपेड. फोन दुकानाचा, सिम कंपनीचं. पण अधूनमधून आपल्याकडेही दोन्हींची गाठ बांधणाऱ्या योजना येतात. २०१७ मध्ये जिओफोन आला तो १,५०० रुपये अनामत घेऊन, ती तीन वर्षांनी परत मिळणार होती. त्याच वर्षी एअरटेलने कार्बन कंपनीचा फोन आणला. जाहिरातीत किंमत १,३९९ रुपये. पण आधी भरायचे २,८९९. पहिल्या १८ महिन्यांत ३,००० चं रिचार्ज केलं की ५०० परत, पुढच्या १८ महिन्यांत आणखी ३,००० चं केलं की १,००० परत.

आता पाटी-पेन्सिल घ्या. २,८९९ अधिक ६,०००, वजा १,५००. तीन वर्षांत खिशातून गेले ७,३९९. ज्याचं रिचार्ज एरवीही तेवढंच होतं, त्याला हा सौदा चांगला. पण जो महिन्याला ५० रुपयांत भागवत होता, त्याचे तीन वर्षांत १,८०० च गेले असते. म्हणजे १,५०० परत मिळवायला त्याने ४,२०० जास्त घातले.

हे मी आईला समजावत होते. ती म्हणाली, "पैसे परतच द्यायचे, तर आधी घेतात कशाला?" माझं सगळं गणित तिने एका वाक्यात संपवलं.

मग आला नो कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. बहुतेक वेळा होतं काय, की व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात. पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपणच भरतो. शिवाय रोख घेणाऱ्याला ती सूट मिळते का, हे विचारायचं राहून जातं. ते आधी विचारा.

आम्ही त्या दिवशी रिकाम्या हाताने परत आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की दाखल्यासाठी आईचाच फोन लागतो असं नाही. चेहरा आईचा हवा, फोन कुणाचाही चालतो. नोव्हेंबरात माझ्या फोनवर पाच मिनिटांत काम झालं. घाई संपली आणि घाई संपली की दुकानदाराचा जोर संपतो.

मी म्हटलं, मग आता नवा फोन कशाला? आई गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "दर वेळी तुझ्याकडे मागायचा का?" मी पैशांचाच हिशेब करत होते, हा धरलाच नव्हता.

मग आम्ही उलटा हप्ता लावला. जुन्या फोनला नवी बॅटरी घातली आणि दर महिन्याला १,००० रुपये डब्यात टाकले, थोडे तिचे, थोडे माझे. रिचार्जही तपासलं. घरी वायफाय आहे, आई बाहेर फक्त बोलते. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमाप्रमाणे नुसत्या कॉल-एसएमएसचा पॅकही कंपन्यांना ठेवावाच लागतो. तो घेतला. वाचले ते डब्यात.

जुना, वापरलेला फोन घेणार असाल तर एक करा. *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा, केवायएम लिहून पुढे तो नंबर इंग्रजीतून १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. आणि कंपनी मान देत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. २०११ पासून ही सोय देशभर आहे. २०१५ पासून नागपूरचा नंबर भिलाईतही तसाच नेता येतो.

आठव्या महिन्यात आईने ८,००० रोख मोजून फोन घेतला. कोणत्याही योजनेला बांधलेला नाही. दुकानदाराने विचारलं, "अम्मा, ईएमआय?" आई म्हणाली, "हो गया, भर दिया."

या नोव्हेंबरात दाखला तिने स्वतःच्या फोनवर काढला. मी शेजारी होते, पण तिने हात लावू दिला नाही.